नेम धरायचा, नेम पाळायचा: रस्त्यावरच्या फोटोग्राफीची सुरुवात

मराठीत 'नेम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. गोट्या खेळताना आपण नेम धरतो आणि घरातली आजी एकादशीचा नेम पाळते. रस्त्यावर फोटो काढायचा छंद लावून घ्यायचा असेल तर हे दोन्ही नेम लागतात. पहिला नसेल तर फोटो कंटाळवाणे होतात. दुसरा नसेल तर छंद तीन महिन्यांत कपाटात जातो आणि कॅमेऱ्याच्या पिशवीला बुरशी धरते. मी नोकरी सांभाळून दर रविवारी सकाळी पुण्याच्या पेठांमध्ये फोटो काढते. नव्याने सुरुवात करणारे मला नेहमी कॅमेऱ्याबद्दल विचारतात. मला मात्र आधी जागेबद्दल बोलायचं असतं. इथेही तसंच करते.

स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे सार्वजनिक जागेत, कुणालाही उभं न करता, काहीही न मांडता, जे घडतंय ते टिपणं. त्यासाठी रस्ताच हवा असं नाही. एसटी स्टँड, नदीचा घाट, मंडई, रेल्वेचा पूल, शाळा सुटतानाचं फाटक, काहीही चालतं. बातमीदारीत काहीतरी घडलेलं असावं लागतं, इथे तशी अट नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेताना एखाद्या माणसाचा खांदा कसा कलतो, एवढ्यावरही चांगला फोटो होतो.

आधी जागा ठरवा

बहुतेक जण सुरुवात पालखीपासून किंवा विसर्जन मिरवणुकीपासून करतात. मीही तशीच केली होती. अनंत चतुर्दशीला पहाटेपासून मंडईजवळ उभी होते. मानाचे पाचही गणपती लक्ष्मी रस्त्याने गेले. मी आठशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन पाहिलं तर त्यातला एकही माझा वाटेना. गुलाल, ढोल, वर गेलेले हात, सगळं होतं, पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे तेच होतं. मोठ्या उत्सवात दृश्य इतकं जोरकस असतं की आपल्याला पाहावंच लागत नाही. शिवाय उत्सव वर्षातून एकदा येतो, आणि वर्षातून एकदा केलेल्या गोष्टीने हात बसत नाही. वारीला जरूर जा, पण दोन वर्षांनी. तोवर तुम्हाला दिंडीच्या पुढे पळण्यापेक्षा, मुक्कामी पाय चेपत बसलेल्या माणसाजवळ थांबावंसं वाटू लागेल.

म्हणून घरापासून चालत किंवा एका बसने वीसेक मिनिटांत पोहोचता येईल अशी एकच जागा निवडा आणि निदान सहा महिने तिथेच जा. निवडताना तीन गोष्टी पाहा. लोक तिथे स्वतःच्या कामासाठी येत असावेत, तुमच्यासारखे फिरायला नव्हे. दिवसाच्या कुठल्या तरी वेळी तिथे तिरपा उजेड येत असावा. आणि कुणाच्या वाटेत न येता अर्धा तास उभं राहता येईल असा एखादा कोपरा असावा. हा कोपरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी पाहत नाही.

माझी जागा महात्मा फुले मंडई. १८८०च्या दशकातली दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा, आणि आत उंच गाळ्यांवर बसलेले भाजीवाले. ते वर आणि गिऱ्हाईक खाली, त्यामुळे दोघांच्या नजरेची रेघ नेहमी तिरकी जाते. फोटोत ही तिरकी रेघ फार उपयोगी पडते. पुण्यात इतर जागाही आहेत: बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, जूनमध्ये पाठ्यपुस्तकांच्या गर्दीतला अप्पा बळवंत चौक, तुळशीबागेतल्या बोळी. मुंबईत राहत असाल तर दादर स्टेशनलगतचा फुलबाजार सकाळी सातच्या आत गाठा. म्हापशाला शुक्रवारचा बाजार आहे, नाशिकला गोदाघाट आहे. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना एडिसनचा ओक ट्री रोड आहे. तालुक्याच्या गावी असाल तर आठवडी बाजार आणि एसटी स्टँड या दोन जागा कुठल्याही महानगराला भारी आहेत. स्टँडवर माणूस वाट पाहत असतो, आणि वाट पाहणारा माणूस चेहऱ्यावर काहीही चढवत नाही.

एकाच जागी राहिल्याने फोटो तेच तेच होतील अशी भीती वाटते. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर सॉल लायटर १९५०च्या दशकापासून २०१३ मध्ये मरेपर्यंत ईस्ट व्हिलेज या एकाच वस्तीत राहिला आणि त्याचे कितीतरी फोटो घराभोवतीच्या रस्त्यांवरचे आहेत. वाफ धरलेल्या काचा, लाल छत्री, बर्फात थांबलेला माणूस. त्याचं रंगीत काम जगाला खऱ्या अर्थाने कळलं ते २००६ मध्ये, तो ऐंशी ओलांडल्यावर. तोवर तो आपल्या गल्लीत फिरत होता.

पहिल्या दोन खेपांना कॅमेरा नेऊ नका. चहा घ्या, कोपऱ्यात बसा, एक छोटी वही ठेवा. कोथिंबिरीच्या जुड्या कधी सुटतात, हमाल कुठल्या दाराने आत येतात, ऊन कुठल्या खांबावर आधी पडतं, गाळ्यावरचे दिवे कधी विझतात, हे लिहा. तिसऱ्या खेपेला तुम्हाला पुढे काय होणार ते थोडंफार आधी कळायला लागतं, आणि आपल्या कलेत अर्धा नेम त्यातच आहे.

कॅमेऱ्याचं काय

फोन असेल तर फोनने सुरू करा. त्याचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद दृश्य घेतो, आणि रस्त्यावर तेच हवं असतं. बोटांनी ओढून दृश्य मोठं करू नका. हवं असेल तर दोन पावलं पुढे जा. आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सवय करा, म्हणजे पडद्यावर बोट शोधावं लागत नाही. पडद्यावर एका जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड पक्का होतो; भर उन्हात उजळ भागावर बोट ठेवून तो पक्का करा. सावल्या काळ्या होतील, होऊ द्या.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर लहान घ्या आणि २८ किंवा ३५ मिलिमीटरची एकच लेन्स ठेवा. लांबून खेचणारी मोठी लेन्स या कामाला नको, आणि त्याचं कारण फक्त सौंदर्याचं नाही. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने समोरच्याला न कळता फोटो निघतो आणि मला ते चोरीसारखं वाटतं. जवळून फोटो काढणाऱ्याला समोरचा माणूस पाहू शकतो, हटकू शकतो, नको म्हणू शकतो. ही संधी त्याला मिळायलाच हवी.

आकडे एकदाच सांगते. चालत्या माणसासाठी शटर (म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ) निदान १/२५० सेकंद, घाईत असलेल्यासाठी १/५००. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/८. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, आपोआप ठेवा, वरची मर्यादा ६४०० पर्यंत. फोटोत थोडे दाणे आले तर बिघडत नाही, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. रिक्षा स्पष्ट आणि मागचा रस्ता पुसट असा फोटो हवा असेल तर १/३० किंवा त्याहूनही संथ शटर ठेवून रिक्षासोबत कॅमेरा सरकवत न्या. वीसांत एखादा जमतो.

आता जे शिकल्यावर माझं काम बदललं ते. कॅमेऱ्याच्या आपोआप फोकसवर अवलंबून राहू नका. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून हाताने ३ मीटरवर फोकस लावला, तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. लहान, एपीएस-सी सेन्सरवर १८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर, २ मीटरवर फोकस: साधारण एका मीटरपासून पुढे सगळंच स्पष्ट. एकदा लावून टाकलं की फोकसचा विचारच उरत नाही. फक्त अंतराचा अंदाज हवा. तो घरी बसवता येतो. फरशी मोजून ठेवा, दारापासून २ मीटर म्हणजे किती ते पाहा, मग रस्त्यावर चालताना मनात म्हणत राहा: तो टपरीवाला तीन, ती बाई पाच, हा खांब दोन. महिन्याभरात डोळा तयार होतो. लहानपणी विटीला किती जोर लावायचा हे आपण असंच शिकलो होतो.

उजेड

पंचांग पाहून फोटो काढणारी मी एकटीच नसेन. आपल्या भागात ऋतूप्रमाणे उजेड किती बदलतो हे समजून घेतलं तर अर्धी मेहनत वाचते. मेच्या मध्यात पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर, आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी मिटते. त्या दिवसांत अकरा ते तीनच्या उन्हात काढलेले चेहरे डोळ्यांच्या खोबणीत काळे पडतात. तेव्हा आत जा: मंडईचं छप्पर, दुकानाचा उंबरा, ताडपत्रीखालचा रंगीत अंधार. निळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळे दिसतात. तो रंग संगणकावर 'सुधारू' नका, तोच उन्हाळ्याचा रंग आहे.

डिसेंबरात मात्र पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. म्हणजे बारा वाजताही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. हिवाळ्यात दुपारी दक्षिणेकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर पसरते आणि उत्तरेच्या कडेला उन्हाची पट्टी राहते. आडवी गल्ली जिथे मिळते तिथे त्याच उन्हाचा एक झोत रस्त्यात शिरतो. त्या झोताच्या तोंडाशी उभं राहा, उजळ भागानुसार उजेड पक्का करा आणि थांबा. माणसं अंधारातून येतील, एक पाऊल उजळतील, पुन्हा अंधारात जातील. नव्या माणसाला याहून चांगली शाळा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सुरुवात करा असं मी म्हणते ते यासाठीच.

पाऊस हा निराळाच ऋतू. सगळीकडे सारखा मऊ उजेड, रस्त्यावर आरसे पडलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक गोल आकार. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो पॅरिसमधल्या एका स्टेशनाच्या मागच्या बाजूचा आहे. डबकं काय, आपल्याकडे दर पावलाला आहे. एक डबकं निवडा, त्यात काय दिसतं ते गुडघ्यावर बसून पाहा आणि वीस मिनिटं हलू नका. कॅमेऱ्यावर आंघोळीच्या टोपीसारखी लवचिक प्लास्टिकची टोपी चढवली की पुरते.

उभं राहायला शिका

रांगोळीत आधी ठिपके देतात, मग रेघा. इथेही तेच. आधी मागचा भाग निवडा: रंग उडालेली भिंत, लोखंडी जाळी, शटरवर हाताने रंगवलेलं नाव. चौकटीच्या चारही कडा नीट पाहा, अर्धवट कापलेला विजेचा खांब घुसलाय का ते पाहा. मग त्यात माणूस येऊ द्या. येईलच. नवखे लोक उलटं करतात, माणसामागे धावतात आणि मग मागे जे आलं ते आलं.

चालत राहून फोटो काढायची दुसरी रीतही आहे आणि तिची मजा वेगळी आहे. पण ती सहा महिन्यांनी.

कॅमेरा लपवू नका. गळ्यात, छातीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. कमरेजवळ धरून आडून काढलेला फोटो आणि डोळ्याला लावून काढलेला फोटो, दोन्हींत जे अंतर आहे ते लोकांनाही कळतं. आडून काढणाऱ्यावर ते चिडतात. गडद साधे कपडे, न चावणाऱ्या चपला, एक लहान पिशवी. पाण्याची बाटली. बाजारात लोकांची सकाळची बोहनी चालू असते, त्या वेळी दुकानाच्या तोंडाशी उभं राहू नका. पहिलं गिऱ्हाईक परत गेलं तर ते तुमच्या माथी येतं आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगते. कॅमेरा हातात असलेल्या बाईकडे लोक बघतात, काही जण बोलतात, एखादा मागे येतो. मी सुरुवातीचं वर्षभर एका मैत्रिणीबरोबर जात असे. दोघींत वीस-पंचवीस पावलांचं अंतर, पण नजरेच्या टप्प्यात. दिवेलागणीनंतर अनोळखी बोळीत एकटी शिरत नाही, आणि यात छंदाचं काही कमी होत नाही. दुसऱ्या बाजूने, बाई असल्याचा मोठा फायदा होतो. बाजारातल्या बायका माझ्याशी बोलतात, बाजूला जागा करून देतात. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या पुरुष फोटोग्राफरला ते दहा वर्षांत मिळालेलं नाही.

समोरच्या माणसाचं

विचारून काढावा की न विचारता? दोन्ही, पण प्रसंग पाहून. क्षण चालू असताना विचारलं तर तो संपतो. म्हणून मी बहुतेक वेळा आधी काढते आणि लगेच डोळ्याला डोळा देते, हसते, मान हलवते. निघून जात नाही. बहुतेक लोक परत हसतात. कुणी भुवई उंचावली तर जवळ जाऊन फोटो दाखवते: "काका, मागून ऊन छान आलं होतं, म्हणून काढला. नको असेल तर पुसते." नको म्हटलं तर त्यांच्यासमोर पुसायचा, 'अलीकडे हटवलेले'मधूनही. वाद घालायचा नाही. चांगला फोटो गेला तर गेला.

एकदा जुन्या बाजारात मी एका भंगारवाल्याचा फोटो काढला आणि तो उठून अंगावर आला. माझा हात घाईने कॅमेऱ्यावर गेला, मी मागे सरकले, आणि त्यामुळे तो जास्तच भडकला. शेवटी शेजारच्या माणसाने समजावलं. कारण नंतर कळलं: काही दिवसांपूर्वी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून, वर भलतंच लिहून पसरवला होता. आपल्या आधी कोण येऊन गेलंय ते आपल्याला माहीत नसतं. तेव्हापासून कुणी चिडलं तर मी कॅमेरा खाली सोडते, हात मोकळे दाखवते आणि आधी त्याचं ऐकून घेते.

काही फोटो काढायचेच नाहीत. फुटपाथवर झोपलेला माणूस, आजारी माणूस, भीक मागणारं मूल, रडणारी बाई. अशा फोटोंना वाहवा लवकर मिळते, म्हणून नव्यांना त्यांचा मोह पडतो. ज्याला दार नाही त्याच्या घरात तुम्ही कॅमेरा घेऊन शिरताय, हे ध्यानात ठेवा. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना किंवा सोबतच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय नाही, आणि पसरवायचा तर मुळीच नाही.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला दर वेळी परवानगी लागते असं नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, बाई खासगी अवस्थेत असताना तिला पाहणं वा तिचे फोटो काढणं हा कलम ७७ खाली, आणि तिचा पाठलाग करणं हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. नदीघाटावर स्नान चालू असतं तिथे हे नीट लक्षात ठेवा. लष्कराच्या आवाराजवळ, विमानतळावर, पाटी असेल तिथे कॅमेरा बंद. मॉल, रुग्णालय, देवळाचा गाभारा, स्टेशनाचं आवार इथे आधी विचारा. आणि कुणाचा ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याची लेखी संमती घ्या.

खेळायचे डाव

इथवर नियमच झाले. पण मजा आली नाही तर तुम्ही पुढच्या रविवारी उठणार नाही. म्हणून मी दर वेळी एक डाव ठरवून निघते. आम्ही दोघी असलो तर जिच्यावर राज्य ती डाव सांगते.

छत्तीसचा डाव: फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो असत. दोन तासांत ३६च काढायचे, मधे पडदा पाहायचा नाही. दहाव्या फोटोपर्यंत हात सैल असतो, विसाव्यानंतर माणूस विचार करू लागतो, आणि शेवटचे चार फोटो हातात असताना जी चलबिचल होते तीच खरी शिकवण. रंगाचा डाव: आज फक्त पिवळा. झेंडू, हळद, रिक्षाची कड, शाळेचा रेनकोट. तासाभराने शहरात पिवळ्याशिवाय काही दिसेनासं होतं. जोडीचा डाव: एका चौकटीत एकमेकांशी बोलणारे दोन आकार शोधायचे, तराजूचं पारडं आणि टोपी, केळीचा घड आणि हातमोजे. हा अवघड आहे, महिनाभर एकही न मिळणं साहजिक आहे. कानाचा डाव: डोळे मिटून उभं राहायचं, जो आवाज सगळ्यात जवळचा वाटेल त्याच्याकडे वळून फोटो काढायचा. हा डाव मुलांना फार आवडतो, मुलं बरोबर असतील तर हाच घ्या.

पुणेकरांसाठी एक सूचना. पाट्यांचे फोटो काढून थांबू नका. पाटीतली गंमत ती लिहिणाऱ्याची असते. पाटीखालून जाणाऱ्या माणसाने त्या पाटीला काही नवं दिलं, तरच तो फोटो तुमचा.

निवड

घरी आल्या आल्या फोटो पाहू नका. संगणकावर उतरवा, तारखेची फाइल करा आणि निदान आठवडा जाऊ द्या. फोटो काढताना कष्ट पडले असतील तर तो आपल्याला चांगलाच वाटतो, आणि पाहणाऱ्याला त्या कष्टांचं काही नसतं. अमेरिकेचा फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड याच कारणाने रोल धुवायला वर्ष-वर्ष थांबत असे. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल धुवायचेच राहिले होते. इतकं थांबू नका, पण त्याचं म्हणणं खरं आहे.

मी महिन्याला दोनच फोटो ठेवते. वर्षाचे चोवीस. आधी सगळे लहान, टपाल तिकिटाएवढे करून एका पानावर पाहते. त्या आकारातही ज्यावर नजर थांबते तो बाजूला. मग मोठा करून विचारते: हा फोटो तिथे नसलेल्या माणसाला काही दाखवतो का? की मी त्याला गोष्ट सांगितल्याशिवाय तो उभाच राहत नाही? दुसरं असेल तर काढून टाकते. पाठमोऱ्या माणसांचे फोटो सुरुवातीला खूप येतात, कारण समोरून काढायची भीती असते. पहिल्या सहा महिन्यांत ते चालतील. नंतर स्वतःशी खरं बोला.

काळं-पांढरं करावं का? माझं मत स्पष्ट आहे: नव्याने शिकणाऱ्याने रंगातच राहावं. काळं-पांढरं केलं की सुमार फोटोही एकदम 'कलात्मक' दिसतो आणि आपली चूक झाकली जाते. शिवाय आपले बाजार रंगावरच चालतात. हिरव्या मिरच्यांच्या ढिगामागची जांभळी साडी राखाडी करून काय मिळवणार?

आणि छापा

मंडईत मी जायला लागले त्याला दोन महिने झाले असतील. लिंबं-आलं विकणाऱ्या एका मावशींचा मी फोटो काढला. त्यांनी पुड्याची दोरी दातात धरून गाठ मारली, मग माझ्याकडे पाहिलं. "काढलास फोटू? आन् मला कुठं बघायला मिळनार त्यो?" रागाने नव्हे, अगदी सरळ विचारलं. मी फोन पुढे केला. त्या म्हणाल्या, "ह्यातला नको. हातात दे."

पुढच्या रविवारी मी चार बाय सहाची प्रत घेऊन गेले. साध्या लॅबमध्ये एका वडापावाच्या किमतीत होते. त्यांनी ती पदराला पुसून पाहिली, शेजारच्या कांदेवाल्याला दाखवली आणि गल्ल्याच्या पत्र्याला, देवाच्या तसबिरीखाली खोचली. तेव्हापासून त्या रांगेत मला कुणी हटकत नाही. उलट हाक मारून सांगतात, आज माझा नातू आलाय, आज नवी वजनं आणलीत, आज लिंबाला भाव नाही, चेहरा बघ माझा.

शिकागोच्या व्हिव्हियन मायरने मुलं सांभाळायचं काम करता करता एक लाखावर फोटो काढले. २००७ मध्ये तिच्या सामानाच्या गाळ्याचं भाडं थकलं म्हणून लिलाव झाला तेव्हा ते बाहेर आले. ती असामान्य होती. पण त्या फोटोंतल्या बहुतेक माणसांनी स्वतःला कधी पाहिलंच नसेल, हे मला फार लागतं.

म्हणून महिन्याच्या दोन फोटोंत ओळखीचा चेहरा असेल तर दोन प्रती काढा. चकचकीत कागद नको, मॅट घ्या. बाजारात बोटं ओली असतात. मागे पेन्सिलने तारीख आणि जागा लिहा. बॉलपेनची शाई गठ्ठ्यातल्या पुढच्या फोटोला लागते. एक प्रत तुमच्या डब्यात. दुसरी जिची आहे तिच्याकडे, पुढच्या रविवारी, बोहनी झाल्यावर.